क्षमा मागितली, पण काम सोडलं



आपल्यापैकी कितीतरी जणी घरी बसून चार पैसे मिळवतात. कुणी ब्लाऊज शिवते, कुणी शिकवण्या घेते, कुणी दिवस मावळायच्या आत पोहोचणारे जेवणाचे डबे देते. माझं काम हिशेबाचं. लग्नाआधी मी एका सीएंच्या ऑफिसात होते. धाकट्याच्या जन्मानंतर ते सुटलं आणि २०१९ पासून घरूनच छोट्या दुकानदारांच्या ट्रॅलीतल्या नोंदी आणि जीएसटीची रिटर्न्स करते. ट्रॅली नव्हे, टॅली. पण आमच्या सासूबाई ट्रॅलीच म्हणतात आणि आता घरात तेच नाव रूढ झालंय.

आज लिहायचंय ते एका गिऱ्हाइकाचं काम सोडल्याबद्दल. हे लिहू की नको, यावर बरेच महिने घालवले. का, ते पुढे कळेलच. गृहस्थांचं नाव, गाव काही सांगणार नाही, दुकानाचा मालसुद्धा बदलून लिहिलाय. ओळखायचा प्रयत्न करू नका, ही हात जोडून विनंती.

त्यांना आपण अण्णा म्हणू. समाजातलेच, वयानं माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे, बस्तीत पुढच्या रांगेत बसणारे. पाइप आणि हार्डवेअरचं मोठं दुकान. माझ्या पाच गिऱ्हाइकांत सगळ्यात मोठं हेच. महिन्याला सहा हजार रुपये. बाकी चौघांचे मिळून पंधरा हजार व्हायचे. म्हणजे माझ्या एकवीस हजारांतले सहा अण्णांचे, आणि "एवढ्या मोठ्या पार्टीचं काम माझ्याकडे आहे" हा मान वेगळाच. तो मानही मला सोडवत नव्हता, हे आज कबूल करते.

त्रास काय होता? ज्यांना हे काम ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. महिन्याच्या विक्रीचा तपशील जीएसटीआर-१ मध्ये पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जातो. १४ तारखेला खरेदीवर किती क्रेडिट मिळणार त्याचा तक्ता पोर्टलवर येतो आणि २० तारखेच्या आत ३बी भरून कर जमा करायचा असतो. हे सगळ्या देशाला ठाऊक आहे. अण्णांकडून मात्र बिलं यायची १० तारखेच्या संध्याकाळी, कॅरीबॅगमध्ये कोंबून. निम्मी बिलं मोबाइलवर, त्यांचे फोटो तिरके, आकडे पुसट. विचारायला फोन केला तर उचलायचे नाहीत आणि मी सामायिकाला बसले की त्यांचा फोन वाजायचा.

एकदा त्यांनी कराचे पैसे सहा दिवस उशिरा भरले. रिटर्न २६ तारखेला गेलं. उशिराचे दिवसाला ५० रुपये, म्हणजे ३०० रुपये झाले, शिवाय वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. हे सगळं त्यांनी माझ्या पगारातून कापलं. मी पगार म्हणते, तेही चुकीचंच. मी काही त्यांची नोकर नव्हते. पण ते मला तसंच वागवायचे आणि मीही तशीच वागत होते.

आमचे हे एकदा म्हणाले, "नुसतं कुरकुरू नकोस, वेळ लिहून ठेव." म्हणून जून महिन्यात मी वहीत तास लिहिले. अण्णांच्या कामाला ४१ तास गेले, बाकी चौघांच्या मिळून ५०. हिशेब केला तेव्हा कळलं, चौघांकडून मला तासाला ३०० रुपये पडतात आणि अण्णांकडून १४६. ज्याला मी मोठं गिऱ्हाईक समजत होते ते सगळ्यात स्वस्तातलं निघालं. त्यातही जून आणि जुलैचे पैसे यायचेच होते. माझी शिफारस अशी की, काम कुठलंही असो, एक महिना तास लिहून बघा. पिशव्या शिवणारीनंही लिहावेत आणि डबे देणारीनंही.

तरी मी सोडलं नाही. तासाला १४६ रुपयांपायी कुणी समाजातल्या माणसाशी वाईटपणा घेतं का? त्यांच्या घरच्या मामी आणि मी महिला मंडळात एका सतरंजीवर बसतो. मी स्वतःला समजवत राहिले, सहन कर, ही आपली परीक्षा आहे, क्षमा हा आपला धर्म आहे.

मग २०२४ चं दशलक्षण पर्व आलं. ८ सप्टेंबरला सुरू झालं. तिसरा दिवस, १० सप्टेंबर, उत्तम आर्जवाचा. आर्जव म्हणजे सरळपणा. मनात एक, तोंडात दुसरं आणि हातून तिसरंच, असं नसणं. सकाळी बस्तीत ते ऐकून आले. एकाशन होतं. दुपारी कॅरीबॅग आली आणि पाठोपाठ अण्णांचा फोन.

"ऑगस्टमध्ये अजून पाच बिलं घालायची आहेत. आठ लाखांची. नाव-नंबर पाठवतो."

मी विचारलं, "माल कधी गेला, अण्णा? चलन दिसत नाही यात."

"माल कुठला आलाय. नुसतं बिल. आपल्याकडे क्रेडिट पडूनच आहे, त्याला लागतंय. वर दोन टक्के देणार आहे तो."

ज्यांना हे समजत नसेल त्यांच्यासाठी सोपं करून सांगते. आठ लाखांच्या मालावर १८ टक्क्यांनी एक लाख चव्वेचाळीस हजार कर होतो. खरेदी करणाऱ्याला तेवढं क्रेडिट मिळतं, म्हणजे त्याचा तेवढा कर वाचतो. माल जागचा हललाच नाही आणि कागद मात्र फिरला, तर सरकारच्या, म्हणजे तुमच्या-माझ्याच, तिजोरीतून ते पैसे गेले. जीएसटी कायद्यात मालाशिवाय बिल देणं हा गुन्हा आहे. दंड दहा हजार किंवा कराइतका, जो जास्त असेल तो. रक्कम मोठी असेल तर कलम १३२ खाली तुरुंगसुद्धा आहे.

मी म्हणाले, "हे मला जमणार नाही."

ते हसले. "मार्चमध्ये जमलं होतं की."

मैत्रिणींनो, याच जागी मी हा लेख तीनदा बंद केला. कारण ते खरं बोलत होते. मार्च संपताना त्यांनी एप्रिलच्या एका बिलावर ३० मार्चची तारीख घालायला सांगितली होती. त्या बिलाचा माल खरा होता, पैसे खरे होते, फक्त तारीख मागची. "चार दिवसांचा तर प्रश्न," म्हणत मी ती घातली होती. तेव्हा मला ते इतकं किरकोळ वाटलं की प्रतिक्रमणातही आठवलं नाही. सहा महिन्यांनी ते असं समोर येऊन उभं राहिलं. चार दिवसांची तारीख हलवणारा हात आठ लाखांचं बिलही फाडेल, असं त्यांना वाटलं, यात त्यांचं एकट्याचं काय चुकलं?

मी एवढंच म्हणाले, "तेव्हाही चुकलंच माझं, अण्णा. आता करणार नाही."

"तुझं नाव कुठं येतंय? सही माझी, ओटीपी माझा." आणि फोन ठेवला.

११ तारखेला खऱ्या बिलांचाच तपशील तयार करून पाठवला. संध्याकाळपर्यंत काही उत्तर नाही. रात्री साडेदहाला ओटीपी आला, एक शब्दही न लिहिता. रिटर्न गेलं. मला वाटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "ती पाच बिलं पुढच्या महिन्यात बघू."

पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय होतो. दहा दिवस, दहा अध्याय. सातव्या दिवशी, १४ तारखेला, सातवा अध्याय आला. हा आपल्या, श्रावक-श्राविकांच्या व्रतांचा अध्याय. पंडितजी एकेका अणुव्रताचे अतिचार सांगत होते. लहानपणापासून ऐकलेले शब्द. पाठशाळेत पाठ करून बक्षीसही घेतलं होतं. पण सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत 'कूटलेखक्रिया' आलं आणि माझ्या हातातली माळ थांबली. कूटलेख म्हणजे खोटा लेख, खोटा दस्त. बिल म्हणजे दुसरं काय? इतक्या जुन्या ग्रंथात माझ्या टेबलावरचं काम नाव घेऊन लिहिलेलं होतं, आणि "तुझं नाव कुठं येतंय" याचं उत्तरही. सही कुणाची का असेना, क्रिया कुणाची?

घरी आल्यावर मी ते पाचही अतिचार वहीच्या मागच्या पानावर लिहून काढले. काम सोडायचं हे ठरलंच होतं. पण कसं सोडायचं, ते मला त्या पाचांनी सांगितलं.

मिथ्योपदेश. कुणाला चुकीची वाट दाखवणं. माझ्या मनात आलं होतं की अण्णांना सांगावं, "तब्येत बरी नसते, मुलांच्या परीक्षा आहेत, म्हणून काम सोडते." कुणी दुखावणार नाही. पण मग त्यांना वाटलं असतं की बिलांत काही वावगं नाही, फक्त बाईला वेळ नाही. पुढच्या माणसाकडून त्यांनी बिनघोर तेच करून घेतलं असतं. म्हणून कारण खरंच सांगायचं, पण एकांतात, एकदाच, आवाज न चढवता.

न्यासापहार. हा ठेवीबद्दलचा. ठेव ठेवणारा विसरला आणि त्यानं कमी मागितली, तर "हो, एवढीच होती" म्हणून उरलेली दाबणं. तोवर ऑगस्टचेही पैसे यायचे झाले होते. तीन महिन्यांचे अठरा हजार. आमचे धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, डेटा देऊ नका. पैसे टाकल्याशिवाय बॅकअप सोडायचाच नाही. सगळे असंच करतात." मोह झाला. पण तो डेटा त्यांचा, बिलं त्यांची. माझे पैसे अडलेत म्हणून त्यांची ठेव अडवणं मला त्या पानाकडे बघून जमेना. शिवाय कपाटात २०२१-२२ ची त्यांची एक फाइल होती, जी ते पार विसरले होते. हिशेबाचे कागद वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात. पुढे कधी नोटीस आली असती तर त्यांना ती फाइल लागलीच असती. तीही काढून ठेवली.

रहोभ्याख्यान आणि साकारमंत्रभेद. दोन्ही कुणाचं गुपित फोडण्याबद्दलचे. एक, एकांतातली गोष्ट बाहेर सांगणं. दुसरा, कुणाच्या हावभावांवरून मनातलं ओळखून ते उघड करणं. हिशेब लिहिणाऱ्या बाईला लोकांच्या घरातलं फार दिसतं. कुणाचं कर्ज किती, कुणी भावाला किती दिले, कुणाची बाकी थकलीय. काम सुटलं तरी हे सगळं पोटातच ठेवायचं. हा लेख लिहायला मला इतका वेळ लागला तो याच दोन शब्दांमुळे. म्हणूनच इतकं बदलून लिहिलंय, आणि तरी मनात थोडी धाकधूक आहेच.

आता प्रश्न होता, सांगायचं कधी? सासूबाई म्हणाल्या, "पर्वात कुणाचं मन मोडू नको. क्षमावाणी होऊ दे." मला पटलं. शिवाय २० तारखेची ३बी अर्ध्यावर टाकून जाणं बरोबर नव्हतं.

क्षमावाणीच्या दिवशी बस्तीच्या मंडपात अण्णा समोर आले. मी हात जोडले. "अण्णा, उत्तम क्षमा. माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा करा." त्यांनीही जोडले. डोळ्यांत पाणीबिणी आलं आणि म्हणाले, "अगं, घरचीच लेक तू. झालं गेलं विसर. पुढच्या महिन्यापासून ती पाच बिलं बघून टाक म्हणजे झालं."

मी क्षणभर गप्पच झाले. त्यांना वाटत होतं, क्षमा मागितली म्हणजे हो म्हटलं. आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं मलाही तसंच वाटत आलं होतं. कुणाला क्षमा केली की पुन्हा त्याच्या हाताखाली मान घालायची, असंच मी धरून चालले होते. राग मनातून काढायचा असतो, हे खरं. पण राग गेला म्हणून चुकीचं काम बरोबर होत नाही. उलट राग होता तोवर मला शंका होती की मी सूड म्हणून सोडतेय का. आता राग नव्हता आणि तरीही सोडावंसं वाटत होतं. तेव्हा मला माझ्या निर्णयाची खात्री पटली.

म्हणाले, "क्षमा मनापासून मागितली, अण्णा. पण काम मी ३० तारखेपर्यंतच करीन. दोन दिवसांत दुकानात येऊन सांगते."

शुक्रवारी २० तारखेला ३बी भरली आणि संध्याकाळी ह्यांना बरोबर घेऊन दुकानात गेले. हातात एका पानाचं पत्र होतं. मजकूर साधा. ऑगस्टपर्यंतची रिटर्न्स भरून झाली आहेत. ३० सप्टेंबरनंतर मी हे काम करणार नाही. सोबत टॅलीचा बॅकअप, बिलांचे गठ्ठे आणि फाइलींची यादी. पोर्टलचा पासवर्ड आजच बदलून घ्यावा आणि माझा मोबाइल नंबर कुठे असेल तर काढावा. बाकी येणं अठरा हजार. नवीन माणूस मिळेपर्यंत काही विचारायचं असेल तर महिनाअखेरपर्यंत दुपारी तीन ते पाच फोन करावा. आणि शेवटी, मार्चमधलं ते बिल नंबर घालून लिहिलं, की याची तारीख चुकीची पडली आहे, चूक माझ्या हातची आहे, मागच्या आर्थिक वर्षाची दुरुस्ती ३० नोव्हेंबरपर्यंत करता येते, तेवढं सीएंना सांगावं.

बिलं फाडण्याबद्दल पत्रात काही लिहिलं नाही. ते तोंडी सांगितलं, गल्ल्यावरचा मुलगा चहा आणायला गेला तेव्हा. "अण्णा, मालाशिवायचं बिल मी करणार नाही, म्हणून सोडतेय. दुसऱ्या कुणाकडूनही करून घेऊ नका, तुमच्याच अंगाशी येईल." बस. पुढे काही बोलले नाही. मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले नाहीत. पत्राच्या प्रतीवर "मिळाले" म्हणून सही केली आणि चहासुद्धा विचारला नाही, एवढंच. बाहेर आल्यावर पाय थरथरत होते. ह्यांनी न बोलता पिशवी माझ्या हातातून घेतली.

नंतर काय झालं, तेही सांगते, नाहीतर हा लेख म्हणजे गोष्टीतला सुखान्त होईल. मंडळात मामी दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. एकीनं मुद्दाम विचारलं, "का गं सोडलंस? पैशावरून?" मी म्हटलं, "वेळेचं जमेना." घरी येऊन अस्वस्थ झाले, कारण हेही पूर्ण खरं नव्हतं. दुसऱ्या वेळी कुणी विचारलं तेव्हा म्हणाले, "ते आमच्या दोघांतलं आहे, राहू दे." हे उत्तर खरं होतं आणि त्यानं कुणाचं काही उघडही पडलं नाही. हे वाक्य तुम्हालाही देऊन ठेवते, उपयोगी पडेल.

पैशांचं म्हणाल तर दिवाळीच्या आधी अण्णांच्या मुलानं पाकिटात बारा हजार आणून दिले. उरलेले सहा हजार मी तीनदा मागितले आणि मग मागणं थांबवलं. याला मी त्याग म्हणणार नाही. आठवलं की अजून बोचतं. चूक माझीही आहे. सुरुवातीला काही लिहूनच घेतलं नव्हतं. समाजातला माणूस, त्याच्याकडून काय लिहून घ्यायचं, असं वाटलं होतं. उद्यम नोंदणीही केली नव्हती. ती ऑनलाइन आणि विनामूल्य होते. नोंदणी केलेल्या छोट्या व्यवसायाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावेत, असा २००६ चा कायदाच आहे. आता माझी नोंदणी आहे आणि प्रत्येक गिऱ्हाइकाशी अर्ध्या पानाचा करार आहे. बिलं महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, पैसे १० तारखेपर्यंत, सूर्यास्तानंतर फोन नाही. या शेवटच्या अटीला सगळ्यात जास्त घाबरले होते, पण कुणीही हरकत घेतली नाही. एका दुकानदारानं तर म्हटलं, "ताई, आम्हालाही तेवढंच बरं."

सहा हजारांची जागा भरायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत घरखर्चात ओढाताण झाली. मोठीची शिकवणी महिनाभर पुढे ढकलली. हे मी लपवत नाही. सोडणं फुकट पडत नाही. ज्यांच्या घरात दुसरी मिळकत नाही, तिनं माझ्यासारखं दहा दिवसांत ठरवावं असं मी म्हणणार नाही. तिनं आधी दुसरं काम शोधावं, पण खोटा कागद त्या दिवसापासूनच थांबवावा.

मार्चच्या त्या बिलाची दुरुस्ती झाली की नाही, मला ठाऊक नाही. माझ्या हातात होतं तेवढं मी लिहून दिलं. संध्याकाळच्या प्रतिक्रमणात मात्र ती तारीख आता आठवते. आठवायलाच हवी.

आणि १० तारखेची संध्याकाळ? आता त्या दिवशीही आम्ही सगळे दिवस असतानाच एकत्र जेवायला बसतो. परवा सासूबाई ताटावरून म्हणाल्या, "आज तुझी ट्रॅली लवकर आवरली गं." मी हसले आणि त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

या लेखातून कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.